चौथा शब्द नको

१९ जानेवारी, दुपार

ताईस शिरसाष्टांग नमस्कार. दाजींनाही सांग, पण जरा त्यांचा चहा होऊन गेल्यावर. का ते पुढे कळेल. चिमणीला पापा. मी ठणठणीत आहे. अंगाला घोड्याचा वास येतो, तो आता साबणाला दाद देत नाही, एवढंच.

तुझं पत्र पोचलं. दाजींनी त्यांच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकलाय, सोमवारी सकाळी हजर व्हायचं, पांढरा शर्ट घालायचा, केस कापून यायचं, सगळं वाचलं. त्याबद्दल लिहितोच. आधी इथलं सांगतो, म्हणजे ते लिहायला सोपं जाईल.

मी सध्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत तबेला झाडतो. ‘आता हे काय नवीन खूळ?’ असं तू म्हणालीच असशील. ट्रकवर क्लीनर झालो तेव्हाही म्हणाली होतीस, फोटो स्टुडिओत लागलो तेव्हाही. (स्टुडिओवाल्याचं म्हणशील तर त्या लग्नात नवऱ्यामुलाचा एकही फोटो आला नाही, यात माझी चूक अर्धीच होती. तो सारखा हलत होता. असो.)

इथे एक मास्तरीणबाई आहेत. वयाने दाजींच्या आईएवढ्या, उंचीने चिमणीपेक्षा थोड्याच जास्त. दिवसभरात त्या जेवढं बोलतात तेवढं मी दात घासताना बोलतो. पहिल्या दिवशी मी ठोकून दिलं, “मला येतं बसायला.” त्यांनी मला थेट हवालदारवर बसवलं. हवालदार म्हणजे घोडा, पण मिशा खऱ्याच वाटतात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “खाली ये. लगाम असा धरलायस, जशी बस सुटतेय.”

तेव्हापासून रोज सकाळी तबेला झाडायच्या आधी त्या मला शिकवतात. रिकिबीत पाय न घालता, नुसतं बसायचं. ओरडत नाहीत, वाहवाही करत नाहीत. पाठ वाकली की त्या “पाठ” म्हणतात आणि पाठ सरळ होते. बाबांनी मला सायकल शिकवली होती ते आठवतं ना? अख्खी आळी गोळा झाली होती आणि माझ्याआधी सायकलच शिकली.

तर गेल्या बुधवारी बादली उचलताना बाईंची कंबर धरली. रिंगणाला लागूनच त्यांची खोली, तिथे त्या फळीवर आडव्या पडल्या आणि मला म्हणाल्या, “वर्ग तू घे. ‘चला’, ‘दुडकी’ आणि ‘थांब’, एवढेच तीन शब्द. चौथा नको.”

ताई, मला आणि चौथा शब्द नको!

शाळेतल्या घोड्यांचं एक असतं. वर बसलेला बिचारा लगाम ओढत बसतो, पण घोडे ऐकतात ते रिंगणाच्या मधोमध उभं राहून शिकवणाऱ्याचं. तेच शब्द ऐकून ऐकून त्यांच्या अंगात मुरलेले असतात. हे मला माहीत होतं. रोज बघत होतो. पण सगळे छान दुडक्या चालीने गोल फिरत होते, ऊन पडलं होतं, वर्गाला येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, “तू आधी काय करायचास रे?” झालं. मी ट्रकची गोष्ट सांगायला घेतली. घाट, उतार, ब्रेक लागेना, आणि ड्रायव्हर कसा ओरडला ते मी अगदी त्याच्याच आवाजात करून दाखवलं, “थांब! थांब!”

सगळे घोडे जागच्या जागी थांबले. माणसं थांबली नाहीत. डॉक्टर हवालदारच्या मानेला मिठी मारून लोंबकळले. त्यांच्या मागच्या घोडीवर एक बँकेतल्या बाई होत्या, त्यांचा एक पाय रिकिबीतून निसटला. त्या सावरताहेत तोच मी घाबरून ओरडलो, “नाही नाही, चला चला!”

घोडे चालले. बँकेतल्या बाई वाळूत बसल्या.

लागलं नाही गं फारसं. पण त्या उठेचनात. या बाईंनी पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, “आयुष्यभर काउंटरच्या मागे बसले, आता कशाच्या तरी वर बसायचंय.” त्याच बाई हेल्मेट काढून म्हणाल्या, “माझ्याच्यानं नाही होणार हे. या वयात नसते उद्योग.”

मी काय केलं असेन, तुला सांगायला नको. थेट माझ्या खोलीत गेलो आणि पिशवी भरायला लागलो. आपला हातखंडा तोच.

पिशवी घेऊन बाहेर पडतो तर मास्तरीणबाई कंबरेला शाल आवळून, भिंत धरत धरत रिंगणात पोचल्या होत्या. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, “ती ठेव खाली. मावशीला धर.” मावशी म्हणजे बँकेतल्या बाईंची घोडी. मग बँकेतल्या बाईंना म्हणाल्या, “तुमचं चुकलं नाही. घोडीचंही नाही. ज्याचं चुकलं तो लगाम धरून चालेल. एकच फेरी. मग घरी जायचं तर जा.”

“आणि पुन्हा पडले तर?”

“याच्यावर पडा.”

बँकेतल्या बाई हसल्या. हसता हसता वर चढल्या. मी लगाम धरून अख्खी फेरी एक शब्द न बोलता चाललो. तू असतीस तर माझा ताप बघितला असतास. फेरी संपली आणि वरून आवाज आला, “आणखी एक.” आता मास्तरीणबाईंचा गुण बघ. त्यांनी ना शाबासकी दिली, ना माझ्याकडे बघितलं. फक्त म्हणाल्या, “पाठ.” आम्हा दोघांच्याही पाठी सरळ झाल्या.

घोडे बांधल्यावर मी रागावणं ऐकायला उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “माझी कंबर काही इतक्यात बरी होत नाही. सोमवारपासून नवख्यांचा वर्ग तुझा. मी खुर्ची टाकून ऐकत बसेन. सोमवारी आहेस ना?”

मी म्हणालो, “आहे.”

दाजींचा सोमवार मला नंतर आठवला. खरं सांगू, तोंडातून ‘आहे’ निघालं त्याच्या आधीच आठवला होता. तरी म्हणालो. आजवर ‘आहेस ना’ असं मला कुणी विचारलं नव्हतं. ‘कुठे आहेस’ असंच विचारायचे.

दाजींना तू समजावून सांग, असं लिहिणार होतो. सगळं तुझ्या पदरात टाकून मोकळं व्हायची सवय. नको. आत्ता हे पत्र टाकतो आणि तसाच समोरच्या दुकानातून त्यांना फोन करतो. म्हणजे पत्र हातात पडेल तेव्हा त्यांचं ओरडून झालेलं असेल. त्यांनी माझ्यासाठी चार लोकांपुढे शब्द टाकला, तो मी खाली पाडतोय, हे मला कळतं. तसंच सांगेन त्यांना. थोडक्यात सांगायचा प्रयत्न करेन.

तू रागावू नकोस, किंवा रागाव, पण मग लिही. पत्ता पाकिटावर आहे. या खेपेला पेन्सिलीने नाही, पेनाने लिहिलाय.

तुझा, सोमवारी इथेच असणारा,
भाऊ