बाबांचा डिव्हिडंड

चंडीगड, सेक्टर ३७
१४ जुलै २०२५

चि. अच्युत यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. उकाड्याने जीव नकोसा झालाय. आईला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही, जीभ मात्र शाबूत आहे. सरोजला आणि रेवाला आशीर्वाद सांग.

सोबत तोच फॉर्म तिसऱ्यांदा पाठवतेय. आधीचे दोन तुझ्या कुठल्या ड्रॉवरमध्ये झोपा काढतायत ते तुलाच ठाऊक. शेअर आई, तू आणि मी अशा तिघांच्या नावावर, तिघांच्या सह्या झाल्याशिवाय एकही विकता येत नाही. आई म्हणते, "अच्युत करेल तर मी करीन." आणि तू फोनवर म्हणतोस, "ताई, डिव्हिडंड येतोय ना वेळेवर? मग घाई कशाला?" फोन स्पीकरवर, आई समोर बसलेली. मी काय बोलणार, कपाळ?

वर मला बाबांचं वाक्य ऐकवतोस. अरे, तीस वर्षं त्यांनी त्या कंपनीत घासली, चार-चार करत शेअर जमवले, ते वाक्य मलाही पाठ आहे. पण तू अर्धंच सांगतोस. "देतेय तोवर धरा," एवढंच नव्हते म्हणत ते. "ज्या वर्षी देणार नाही, त्या वर्षी एक दिवसही ठेवू नका," हेही म्हणत.

गेल्या आठवड्यात सेक्टर २२मधल्या ब्रोकरकडे जाऊन आले. भाव निम्म्यावर आलाय. तो म्हणाला, "मैडमजी, जो कंपनी दो साल से कुछ नहीं दे रही, उसको पकड़ के क्यों बैठे हो?" अंकुर बरोबर होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मम्मी, मामा को सच बता दो यार." पोरगं मराठीत बोलत नाही, पण त्याला कळतं सगळं.

तर ऐक. ब्रोकर चुकलेला नाही. कंपनीने २०२३ साली डिव्हिडंड दिला नाही, २०२४लाही नाही.

त्या पहिल्या वर्षी गणपती उठले तरी पैसे आले नाहीत. आई रोज विचारायची. एक दिवस जेवणावरून उठली आणि म्हणाली, "ह्यांनी कधी चुकवलं नव्हतं गं." मला बघवेना. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मी तिच्या खात्यात चोवीस हजार भरले. पासबुक मीच वाचून दाखवते, त्यामुळे निभावलं. आईने लगेच नेहमीसारखे निम्मे तुला पाठवायला लावले. पुढच्या वर्षीही तेच.

आणि तू शहाण्या, त्यातलेच पाच हजार भाऊबीजेला मला पाठवतोस. वर लिहितोस, "बाबांच्याच पैशातून, ताई." दोन वर्षं मी माझीच ओवाळणी घेतेय, आणि "पोचली" म्हणून तुला कळवतेय. हसावं की रडावं?

रागावायचं म्हणून लिहायला बसले होते. पण तू काय चुकीचं केलंस? मी पैसे भरले नसते तर बाबांच्या सांगण्याप्रमाणे आपण तेव्हाच विकून मोकळे झालो असतो, आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन त्यात झालं असतं. आता जेमतेम एकाचं होईल. ते माझ्यामुळे.

तुझे श्यामसुंदर भावोजी मार्चमध्ये रिटायर झाले. त्यांना यातलं काही माहीत नाही. माझ्या दोन एफडी मोडल्या, आता मोडायला तिसरी नाही.

सही करून फॉर्म कुरियरने पाठव. आणि रविवारी फोन करशील तेव्हा आईला तू सांग. माझ्याकडून ऐकलं तर ती पैशांचं विसरेल आणि दोन वर्षं मी खोटं पासबुक वाचलं तेवढंच धरून बसेल. मी शेजारी बसेन, काय बोलायचं ते बोलू दे तिला.

अच्युत, यंदा मला बाबा होता येणार नाही.

तुझी, नुसती ताईच,
मीनाक्षी