सगळे ‘न’ बदला

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
नवीन वर्षाचा संकल्प. (तीन दिवस उशीर झाला. एक तारखेला लाईट नव्हती, दोनला वार चांगला नव्हता, तीनला विसरलो.) सोसायटीच्या ग्रुपवर दररोज कॉम्प्युटर किंवा मोबाईलची एक टिप टाकायची. सदराचं नाव ‘रोज एक क्लिक’. निवृत्त माणसाने समाजाला काहीतरी परत द्यायला हवं. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा कॉम्प्युटरसमोर. आमच्या सेक्शनमध्ये कॉपी-पेस्ट मी आणलं. जयवंती म्हणते, ते बदली होऊन आलेल्या एका मॅडमनी आणलं, तुम्ही फक्त त्यांच्याकडून शिकलात. बायकोला सेक्शनचा इतिहास काय ठाऊक?
टिप क्र. १ : मोबाईल हँग झाल्यास बंद करून पुन्हा चालू करावा.
प्रतिसाद : एक अंगठा. तो माझाच, चुकून लागला.

६ जानेवारी
टिप क्र. ३ : फोन पाण्यात पडल्यास चोवीस तास तांदळात ठेवावा. सोबत फोटो हवा म्हणून माझाच (कोरडा) फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि जयवंतीच्या फोनने फोटो काढला. फोटो उत्तम आला. चार्जिंगच्या भोकात कोलमचा एक दाणा अडकलाय. फोन ११ टक्क्यांवर. उद्या सुईने बघतो.

८ जानेवारी. दुपारी
टिप क्र. ५ : अक्षरं मोठी दिसण्यासाठी सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडून तिथलं सगळं चालू करावं.
तिसऱ्या मजल्यावरच्या अश्लेषाने केलं. आता तिचा फोन जिथे बोट लागेल ते मोठ्याने वाचतो. आलेले मेसेजसुद्धा. तिच्या नणंदेबद्दल तिच्या बहिणीने काय लिहिलं, ते नणंदेसमोरच वाचून दाखवलं म्हणे. अश्लेषा जिन्यात भेटली, बोलली नाही. टिप नीट वाचायची नाही आणि मग रुसायचं. लोकांची तयारीच नाही, त्याला मी काय करणार.

१३ जानेवारी, मंगळवार
रामनाथ आला होता. आम्ही एकाच ऑफिसातून निवृत्त झालो, तो दोन वर्षं आधी. मूळचा वसईचा, खाडीकाठचा शेतीवाला. चंदनसारला माझ्याकडे यायला दोन रिक्षा बदलल्या त्याने. येताना घरची सुकेळी, वाळवलेली केळी, आणली. गडी सोन्यासारखा, फक्त बोलणं गावंढळ. एवढी वर्षं ऑफिसात ‘पानी पाज’ म्हणत राहिला. मी दर वेळी ‘पाणी’ म्हणून सुधारायचो. तो हसायचा आणि पानीच प्यायचा.
त्याचं एक पुस्तक तयार आहे! गावाच्या आठवणी, शेतातले शब्द, हळदीची गाणी, सगळं त्याच्या बोलीत. दोन वर्षं रोज संध्याकाळी तो बोलला आणि मुलीने, रोशनीने, ऐकून थेट लॅपटॉपवर उतरवलं. अर्धी गाणी त्याच्या थोरल्या बहिणीची, बायजाची. ती गेल्या दिवाळीत वारली. २२ फेब्रुवारीला मुलाचं, प्रितेशचं लग्न. त्या दिवशी मांडवात प्रत्येक पाहुण्याच्या हातात पुस्तक द्यायचं.
म्हणाला, “मना त माउस पन धरता येत नाय. पोरीनी लिवलाय सगला. तू निस्ती पानं नीट लावून दे.” म्हणजे मार्जिन, पान नंबर, आणि मग माणिकपूरला फ्रेडरिकच्या प्रेसमध्ये फाईल. मी त्याला सांगितलं, याला टेक्निकल एडिटिंग म्हणतात. तो म्हणाला, म्हनत असतील.
संकल्प : आठ दिवसांत फाईल प्रेसला.

१५ जानेवारी. सकाळी
रोशनी लॅपटॉप ठेवून गेली. तिला बँकेत नोकरी आहे, वेळ नाही. डेस्कटॉपवर बघतो तर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल बाबा’, ‘फायनल खरी’ आणि ‘फायनल आता बास’. ही आजची पिढी. मी ‘फायनल आता बास’ ठेवली, बाकी चारही उडवल्या, रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. लॅपटॉप आता कसा मोकळा श्वास घेतोय.
टिप क्र. १२ : एकाच फाईलच्या अनेक प्रती ठेवू नयेत. गोंधळ होतो.

१६ जानेवारी. दुपारी ४
पुस्तक वाचायला घेतलं. हे काय आहे! मुखपृष्ठावरच नाव : ‘पान्याकाठची मानसं’. एका नावात दोन चुका. आत तर पानी, लोनी, कोन, आपन, दाना. बँकेतली पोरगी, आणि एक ‘ण’ धड टाईप होत नाही? रामनाथ बोलतो तसं तिने आंधळेपणाने उतरवलेलं दिसतंय. हे तीनशे लोकांच्या हातात जाणार आणि ऑफिसातले सगळे येणार. मित्र म्हणून माझं काही कर्तव्य आहे.
एकेक चूक शोधत बसायला मी अडाणी नाही. ‘फाईंड अँड रिप्लेस’. शोधा : न. त्याजागी : ण. आधी फक्त पुस्तकाच्या नावावर प्रयोग केला. ‘पाण्याकाठची माणसं’. दोन्ही बरोबर! मग ‘रिप्लेस ऑल’.
स्क्रीनवर आलं, ९,४१६ ठिकाणी बदल केले. नऊ हजार चारशे सोळा चुका. आणि वेळ किती? शिंक यायला लागतो तेवढा. सेव्ह केलं, बंद केलं, चहा मागितला. जयवंतीला आकडा सांगितला. ती म्हणाली, त्यांनी पानं लावायला सांगितली होती ना?

१७ जानेवारी. सकाळी ९
पान १ : ‘लेखक : रामणाथ’.

१७ जानेवारी. ९.२०
पान ४ : ‘णवरीणं णाकाण णथ घातली ण दोण णारल घेतले’. पुढे वाचवलं नाही.

१७ जानेवारी. ११.००
कंट्रोल झेड चाळीस वेळा दाबलं. सेव्ह करून बंद केलेल्या फाईलवर ते चालत नाही. ज्या कुणी हे बनवलं, त्याला माणसं कशी चुकतात याची कल्पना नाही. उडवलेल्या फायली परत येतात का हे यूट्यूबवर पाहिलं. एक हर्षवर्धन नावाचा मुलगा म्हणतो, येतात, पण त्याआधी चॅनेल सबस्क्राईब करा. केलं. आल्या नाहीत.
उलटं रिप्लेस करावं, हा विचार क्षणभर मनात आला. पण मग खरे ‘ण’सुद्धा ‘न’ होतील. एवढ्या मोठ्या मराठी पुस्तकात हजारभर तरी खरे ‘ण’ असणारच. मूर्ख उपाय. रद्द.
निर्णय : हाताने दुरुस्त करायचं. १४८ पानं. रोज पंधरा केली तर दहा दिवस. कुणाला कळायचंही नाही.

२१ जानेवारी
चार दिवसांत सात पानं. वेग कमी, कारण कुठला ‘न’ आणि कुठला ‘ण’, हे ठरवताना माझाच गोंधळ व्हायला लागलाय. काल भाजीवाल्याकडे ‘णारळ’ मागितला. त्याने दोनदा विचारलं.
फ्रेडरिकचा फोन. फाईल कधी? सांगितलं, प्रोसेसिंगमध्ये आहे.

२७ जानेवारी
रोशनीचा मेसेज : काका, झालं का? उत्तर म्हणून अंगठा पाठवला. मग वाटलं, अंगठ्याचा अर्थ ‘झालं’ असाही होतो. डिलीट केला. तिला ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ असं दिसलं असणार. तिने प्रश्नचिन्ह पाठवलं. मी फोन तांदळात ठेवला.
जयवंती म्हणते, सांगून टाका त्यांना. म्हटलं, सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही, काम चालू आहे. ती म्हणाली, बायजाताई आता परत येऊन गाणी म्हणणार आहेत का? आत निघून गेली. रात्री जेवण गेलं नाही. डाळ जड पडली असावी.

३० जानेवारी
आज जरा मन रमवलं. पुस्तकाला टेक्निकल एडिटरची प्रस्तावना हवी, ती लिहून त्याच फाईलला पुढे जोडली. सुरुवात : ‘कोणत्याही भाषेचा प्राण तिच्या शुद्धतेत असतो.’ शेवटी नाव : रमेश गणपत चव्हाण. एका बैठकीत लिहिली. एकही चूक नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
एकतीस पानं झाली. गाण्यांच्या पानांवर अडलोय. बायजाचा एकेक शब्द असा आहे, की मी आयुष्यात ऐकलेला नाही. तिथे ‘न’ होता की मुळातच ‘ण’, कुणाला विचारणार? जिला विचारायचं तीच नाही. एका गाण्यावर सकाळपासून बसलो आणि शेवटी अंदाजाने भरलं. कुणाच्या मेलेल्या बहिणीचं गाणं आपण अंदाजाने भरतोय, हे बरं वाटलं नाही. हे इथे लिहितोय, बाहेर बोलणार नाही.
रामनाथचा फोन होता. आवाज आनंदी. म्हणाला, मांडवात पहिलं गाणं बायजाचंच वाचनार. मी म्हटलं, जरूर.
फ्रेडरिकने शेवटची तारीख दिली, १२. त्यानंतर लग्नाआधी छापून होणार नाही.

११ फेब्रुवारी
आता प्रामाणिकपणे सांगून टाकायचं ठरवलं. व्हायरस आला असं सांगणार.

१२ फेब्रुवारी. सकाळी ९.३०
रोशनी सुट्टी घेऊन थेट घरी आली. मी व्हायरसचं सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला घाम फुटला आणि न ठरवता सगळं खरं बाहेर पडलं. उडवलेल्या चार फायली, नऊ हजार चारशे सोळा, अंदाजाने भरलेलं गाणं. ती माझ्याकडे बघेना. मग लॅपटॉप ओढला, तीन-चार पानं खालीवर केली आणि हसायला लागली. पुसत होती डोळे, पण हसत होती.
म्हणाली, काका, बाबांच्या बोलीत ‘ण’ नाहीच. दोन वर्षांत त्यांनी मला एकसुद्धा ‘ण’ सांगितलेला नाही. तुम्ही जे जे ‘ण’ केलेत ते सगळे ‘न’च होते.
शोधा : ण. त्याजागी : न. रिप्लेस ऑल. बायजाचं गाणं परत उभं राहिलं. मी ज्या ज्या ‘ण’ला ‘न’ करायचं की नाही यावर सकाळ घालवली होती, तो प्रत्येक तिच्या तोंडी ‘न’च होता.
मी सव्वीस दिवस बसलो होतो. तिला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पेन ड्राईव्ह घेतला, पानं-बिनं तिनेच लावली आणि स्कूटीवरून माणिकपूरला गेली. जाताना जयवंतीच्या पाया पडली. माझ्या नाही, घाईत होती.

१३ फेब्रुवारी
काल जे केलं त्याची मूळ कल्पना माझीच होती. नोंद १७ जानेवारी, ११.०० पाहावी.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६
लग्न झालं. जेवणाआधी मांडवात पुस्तक. रामनाथने माइक धरला आणि वाचायला लागल्यावर ऑफिसात कधी पाहिला नाही असा माणूस उभा होता. बायजाचं गाणं दुसऱ्या ओळीला बायकांनी उचललं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या, पुस्तक मांडीवर उलटं धरलेलं, आणि तोंडपाठ म्हणत होत्या. रोशनी आईला धरून रडत होती. मीसुद्धा चष्मा पुसला. हे सगळं गेलं असतं. माझ्यामुळे गेलं असतं. एका शिंकेएवढ्या वेळात.
मग रामनाथने मला बोलावलं, प्रस्तावना वाच. मी छापील प्रत उघडली आणि ठणठणीत आवाजात सुरू केलं. ‘कोनत्याही भाषेचा प्रान तिच्या शुद्धतेत असतो.’ माणूस समोर छापलेलं असतं तेच वाचतो. ‘आपन सर्वांनी प्रमान भाषेचे वळन’ इथपर्यंत आल्यावर कळलं. रोशनीचं रिप्लेस ऑल माझ्या प्रस्तावनेवरूनही फिरलं होतं. थांबायचं कसं? तीनशे माणसं. ‘रमेश गनपत चव्हान’पर्यंत वाचत गेलो.
टाळ्या थांबेनात. रामनाथलाही एवढ्या मिळाल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी त्यांच्या बोलीत लिहिलं. एका आजोबांनी पाठीवर थाप मारली. “आमाला साहेब वाटला व्हता. आपलाच निंगाला.”

२३ फेब्रुवारी. सकाळी
जयवंतीने विचारलं, पेनाने प्रती दुरुस्त करत फिरणार का आता? तीनशे प्रती, शक्य नाही. पत्तेही माहीत नाहीत.

२३ फेब्रुवारी. दुपारी
रामनाथचा फोन. खूश होता. म्हणाला, काल तू वाचलास ना, ते शिकून येत नाय, एवढं साफ घरातूनच यावं लागतं. तुझी आई कशी बोलायची रे? मी म्हटलं, शुद्ध बोलायची. फोन ठेवला.
ही वही मी सोडून कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. आम्ही चिपळूणकडचे. आई पानीच म्हणायची. लोनी, कोन, आपन. १९८९ साली मोठे साहेब पहिल्यांदा घरी जेवायला येणार होते, तेव्हा मी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं, तू फक्त वाढ, बोलू नकोस. ती बोलली नाही. साहेबांनी पाणी मागितलं, तेव्हा नुसती मान हलवून तांब्या पुढे केला. त्यानंतर घरी कुणीही आलं तरी ती आतच बसायची. ती जाईपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो, आईचा स्वभावच अबोल आहे.