रिकाम्या पोर्टचा नियम

सोमवार
नोकरी लागली आणि घरही मिळालं! शीतगृहाच्या वरच्याच मजल्यावर दोन खोल्या. खाली माझं काम, वर आई. इथली दारं कार्डाने उघडतात, फोनही संगणकाच्या वायरींवरच चालतात, आणि त्या सगळ्या वायरी एका पेटीत, म्हणजे स्विचमध्ये, येतात. त्यातून जाणाऱ्या निरोपांच्या पुड्या, म्हणजे पॅकेट, कुठली सोडायची आणि कुठली अडवायची, हे आता मी ठरवणार. आई म्हणाली, एवढं शिकून शेवटी रखवालदारच झालीस.

मंगळवार
स्विचमधले नियम वाचले. आधीच्या माणसाने नुसता पसारा घालून ठेवलाय. सगळ्यात वर त्याचा एक नियम: तळघराच्या पोर्टवरून, म्हणजे तिथली वायर जोडायच्या खाचेतून, येणारं काहीही आत घेऊ नये. इथले जुने वायरमनकाका म्हणाले, तळघराची खोली कधीच विटांनी बुजवली, तिथे वायरच नाही, पण नियम असू दे. वायरच नाही तर अडवायचं कोणाला? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! काढून टाकला. आता कसं स्वच्छ वाटतंय.

बुधवार
त्या पोर्टचा दिवा लागलाय. वायर नाही, बोट लावून पाहिलं. तरी तिथून काहीतरी निघतं आणि एकेका यंत्राचं दार वाजवतं. आधी वजनकाटा, मग प्रिंटर, मग गोदामाची कुलपं. उत्तर नाही मिळालं की पुढच्याकडे. वायरमनकाकांना बोलावून दाखवलं. त्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि भर दुपारी घरी निघून गेले.

गुरुवार
आई म्हणाली, सकाळपासून कोणाचा तरी फोन येतोय. हळू आवाजात विचारतो, आत येऊ का. तू काय म्हणालीस, विचारलं. दारात आलेल्याला आईने जन्मात कधी परत पाठवलेलं नाही. ये की बाळा, म्हणाली होती. फार गारठलेला वाटला गं बिचारा.
फोनची वायर उपटून टाकली.

शुक्रवार
फोन वाजतोय. वायर माझ्या हातात आहे आणि फोन वाजतोय.
खालची दारं आपोआप उघडताहेत, एकामागून एक. आई चपला घालून बसलीय. म्हणते, तो खाली बोलावतोय, एकटा आहे ना. तिचे हात बर्फासारखे गार. मला फार भीती वाटतेय. तिला सोडून स्विचपाशी जाववत नाही. वरूनच, माझ्या संगणकावरून नियम घालते.

शनिवार
घातला. तो आधीच आत शिरलाय, म्हणून आमच्या मजल्याच्या वाटेवरच, काहीही सोडू नये असा. फोन गप्प झाला. आईला मिठी मारून रडले.

शनिवार, पुन्हा
आमचं दार उघडत नाही. कार्ड लावलं की लाल दिवा. मॅनेजरसाहेबांना निरोप जात नाही.
नियमाला दिशा द्यावी लागते. येणारं अडवायचं की जाणारं. मी घाईत —
जाणारं अडवलंय. आमच्याकडून बाहेर काहीच जाणार नाही. कार्डाचा निरोप नाही, नियम बदलायचा हुकूमसुद्धा नाही.
येणारी वाट मोकळीच —
फोन गप्प का झाला ते कळलं. त्याला आता विचारायची गरजच —
जिन्यावर गारठा चढतोय. आईचा हात घट्ट धरलाय, पण ती सोडवून घेतेय. आमच्या कुलपाचा दिवा हिरवा झाला. बाहेरून.
आई हसून म्हणाली, उघडंच आहे रे, ये. आणि हिलाही खाली घेऊन —