पिवळ्या पट्ट्याचा पिटॉन

मी, सुधीर वामन केळुसकर, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय टूलरूम फिटर, सध्याचा घरच्यांच्या मते काहीच नाही, राहणार सेक्टर अकरा, जुईनगर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, राजीखुशीने आणि कुणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला लावले. त्यापेक्षा हातात एखादा जुना कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहणाच्या दोराची कडी, दिला असता तर मी त्याचं साल सांगितलं असतं, पण डॉक्टरांच्या टेबलावर तशी सोय नव्हती.

यापूर्वीचं मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यात तेजसला झुकतं माप होतं. तेव्हा तो सहावीत होता आणि माझं ऐकत असे.

कलम १. राहती सदनिका ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती माझ्या पश्चात माझी पत्नी सुचित्रा हिची राहील. तिच्यानंतर मुलगी क्षिप्रा व मुलगा तेजस यांनी ती समसमान घ्यावी. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट साड्यांसाठी रिकामं होण्याची सुचित्रा सदतीस वर्षं वाट पाहत आहे. माझ्या तेराव्यानंतर तिने ते खुशाल घ्यावं. दिवस घालण्याआधी घेतलं तरी माझी तक्रार नाही, कारण करता येणार नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवींवर वारसांची नावं लागलेली आहेत. त्याबद्दल इथे आणखी काही लिहीत नाही.

कलम ३. गेल्या मे महिन्यात मी दवाखान्यात असताना चिरंजीव तेजस याने भंगारवाला घरी बोलावून गिर्यारोहणाच्या जुन्या लोखंडी सामानाचा माझा संग्रह तोलून घेतला. तो अठ्ठेचाळीस किलो भरला. तेजसने मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. सबब, पिटॉन (कातळाच्या फटीत ठोकायची लोखंडी मेख) ठोकण्याचा माझा हातोडा मी तेजसला देत आहे. तो एक किलोच्या आतला आहे. तोलायला काटासुद्धा लागणार नाही.

कलम ४. आमच्या गिर्यारोहण मंडळाचे तहहयात चिटणीस बाबासो यांस माझं भिंग द्यावं. मंडळाच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत त्यांनी एक कॅराबिनर मांडला आहे आणि खाली पितळी पाटीवर "१९६८ च्या मोहिमेत वापरलेला" असं कोरून घेतलं आहे. त्या कॅराबिनरच्या पाठीवर सीई ही अक्षरं आहेत. ही अक्षरं गिर्यारोहणाच्या सामानावर नव्वदच्या दशकात आली. बाबासोंना मी हे तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "सुधीरराव, पाटी पितळेची आहे." सबब भिंग.

कलम ५. माझा संग्रह, म्हणजे पिटॉन, कॅराबिनर, बोल्ट वगैरे मिळून दोनशे एकोणीस नग, क्षिप्राला द्यावा. प्रत्येक नगासोबत माझ्या अक्षरातलं कार्ड आहे. ती कार्डं हरवू नयेत. लष्करी मालावर बाणाची खूण आणि साल ठोकलेलं असतं, ते शेंबडं पोरही वाचील. जुन्या कॅराबिनरवर ताकद किलोत लिहीत, अलीकडच्यांवर केएन म्हणजे किलोन्यूटनमध्ये लिहितात. पण ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते लोखंड कुणी घडवलं हे ओळखायला नजर लागते. ती मला आहे असं मंडळात सगळे मानत. नाशिक-साताऱ्याहून लोक मोबाइलवर फोटो पाठवून साल विचारत आणि मी चहा निवायच्या आत उत्तर देत असे. हा रुबाब लक्षात ठेवून पुढचं कलम वाचावं.

कलम ६. नग क्रमांक एक. तुटलेला पिटॉन, त्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. कार्डावर मजकूर असा: "धनेशचा. तळवलीची भट्टी, १९८४. लोखंड कच्चं." हा नग चाळीस वर्षं माझ्या शोकेसमध्ये सर्वांत वर होता.

धनेश म्हात्रे हा माझा दोराचा जोडीदार. तळवली गावचा. त्याचे चुलते देवजी होड्यांचे खिळे आणि मिठागरातली अवजारं घडवीत. बाहेरचे पिटॉन आम्हाला परवडत नसत, म्हणून देवजीकाका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून ते घडवून देत. पैसे कधी घेतले नाहीत. दसऱ्याला आम्ही सगळं सामान आमच्या घरी आणून चिंचेने घासत असू, पूजा करत असू आणि ज्याच्या त्याच्या रंगाचा नवा पट्टा मारत असू, म्हणजे कड्यावरून उतरल्यावर वाटणीत भांडण नको. माझा लाल, धनेशचा पिवळा; देवजीकाकांचे पिटॉन धनेशच्या वाटणीचे. ८४ च्या दसऱ्याला पट्टे मारायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर आणि हात दोन्ही सुबक म्हणून.

पुढच्या जानेवारीत माळशेजकडच्या एका सुळक्यावर धनेशने एक पिवळा पिटॉन ठोकला आणि आमच्या मंडळातला अभिराम गोखले त्या पिटॉनवर विसंबला. पिटॉनचं कॅराबिनर अडकवायचं भोक फाटून निघालं. अभिरामचा खुबा मोडला, तो आजही काठी घेऊन चालतो. मंडळाच्या चौकशीत माझं मत विचारलं गेलं, कारण लोखंडातलं मला कळतं. मी तुटका पिटॉन वर धरून म्हटलं, "देवजीचं लोखंड कच्चं." एवढंच म्हटलं. धनेश उठून गेला तो सामान न्यायलाही पुन्हा कधी आला नाही. अभिरामने त्याचं तोंड पाहिलं नाही. देवजीकाकांनी मरेपर्यंत पुन्हा कुणाला पिटॉन घडवून दिला नाही.

यंदाच्या दसऱ्याला या मृत्युपत्रासाठी यादी करताना क्षिप्राने देवजीचे इतर सगळे पिटॉन ओळीने मांडले. मी बाजूला बसून कार्डं वाचत होतो. ती म्हणाली, "बाबा, या सगळ्यांची भोकं वेडीवाकडी आहेत. ह्या तुटक्याचंच जेवढं उरलंय तेवढं एकदम गोल कसं?"

देवजी लोखंड लाल करून सुंभ्याने भोक पाडत. तसं पाडलं की भोकाच्या काठाला ओठ येतो आणि आकार थोडा लांबट होतो. गोल गुळगुळीत भोक ड्रिल मशीनचं. आमच्यात ड्रिल मशीन फक्त एका माणसाच्या हाताशी होतं. मी ८२ साली टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या पट्टीचे सहा पिटॉन केले होते आणि भोकं कडेच्या फार जवळ पाडली होती. वापरून त्यांचा लाल रंग उडाला, काळे पडले. ८४ च्या दसऱ्याला मी ते सहाही (पाच पुढे कड्यांवरच राहिले) देवजीचे समजून त्यांच्यावर पिवळा पट्टा मारला. सुबक.

दोनशे अठरा नगांची सालं मी दुसऱ्यांना सांगितली. हा एक नग मी रोज पाहत होतो, पण नजरेने कधी तपासला नाही, कारण कार्ड मीच लिहिलं होतं. बाबासोंच्या पाटीला मी हसत होतो. मला लाज वाटते, आणि ती या कागदावर लिहिणं भाग आहे.

या कलमात आधी असं होतं की संपूर्ण संग्रह व हा खुलासा माझ्या मृत्यूनंतर धनेशला पोचवावा. क्षिप्रा म्हणाली की हा शुद्ध पळपुटेपणा आहे. माझंही मत तेच होतं, म्हणूनच तर मृत्युपत्रात घातलं होतं. शेवटी तिनेच दोघांना फोन केले. आज सकाळी अभिराम करंजाड्याहून आणि धनेश तळवलीहून आले. धनेशच्या आता तीन इमारती आहेत आणि चष्म्याचा नंबर माझ्याहून मोठा आहे. सुचित्राने पोहे केले, ते कुणी खाल्ले नाहीत. मी मसुदा धनेशच्या हातात दिला. त्याने तो सावकाश वाचला, मग तुटका पिटॉन उचलून भोकावरून अंगठा फिरवला.

"काकानं आमचे पिटॉन घडवायचे सोडले ते तुज्या बोलन्यानं," तो म्हणाला. "आता त्याला कोन सांगनार?"

मी म्हटलं, कुणी नाही. अभिराम काठी टेकत उठला आणि धनेशच्या शेजारी जाऊन बसला. मग मी धनेशला म्हटलं की संग्रह तुझ्या नावावर केला आहे.

"तू मेल्यावर ह्या लोखंडाचं मना काय करायचंय? ह्यो एक दे. जिता हायेस तवर, तुज्या हातानं दे."

मी दिला. सबब नग क्रमांक एक आज रोजी माझ्या मालमत्तेत नाही; उरलेले दोनशे अठरा, खाडाखोड करून, कलम ५ प्रमाणे क्षिप्राकडे. कार्ड मी फाडलं. नव्या कार्डावर "केळुसकर, १९८२, भोक कडेला" असं लिहून तेही त्याला दिलं. क्षिप्राने या कलमाची प्रत मंडळाच्या इतिवृत्तात चिकटवून घ्यावी. बाबासो हरकत घेतील, तर पाटी पितळेची करून द्यावी.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्थापक क्षिप्रा राहील. वकीलबाई नमिता यांच्या मते खाडाखोड असलेला कागद पुन्हा स्वच्छ लिहून काढावा. मी नकार दिला आहे. स्वच्छ केल्याने काय होतं ते आम्ही ८४ च्या दसऱ्याला पाहिलं. वकीलबाईंनी असंही सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. हे ऐकून धनेशने विचारलं, आता मला यातून काही मिळणार नाही ना? नाही म्हटल्यावर त्याने पेन मागितलं.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही करीत आहे.

सुधीर वामन केळुसकर (सही)
स्थळ: जुईनगर, नवी मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

साक्षीदार १. अभिराम दत्तात्रय गोखले, राहणार करंजाडे. सुधीरने माझ्यादेखत सही केली. (सही)

साक्षीदार २. धनेश कान्हा म्हात्रे, राहणार तळवली. सुधीर आज शुद्धीवर हाय. चालीस वर्सांनी. (सही)