चार नंबरच्या आजींची खुर्ची

मंगळवार, ३ जून
आठ महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही. माफी मागायची तर कोणाची? वही माझी, आळसही माझाच. तरी मागते. कारण सबळ आहे: पंधरा वर्षांनी पुन्हा नर्सची नोकरी धरली. वृद्धनिवासात. आठवडा झाला. वय चव्वेचाळीस, पण इथे मी 'नवीन सिस्टर'.

आणि लगेच गंभीर प्रश्न. चार नंबरच्या खोलीतल्या आजी महिन्यापूर्वी राहायला आल्या. नाश्त्यापासून जेवणापर्यंत हॉलमधल्या टणक खुर्चीत बसतात. आज कपडे बदलताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी लाली हटेना. म्हणजे जखमेची सुरुवात. उद्याच मॅनेजरसाहेबांशी बोलणार. स्पष्ट. नोकरी अजून कच्ची आहे, हा विचार मनातही नाही.

बुधवार, ४ जून
बोलले नाही. साहेब फोनवर होते. मी दारात उभी. त्यांनी भुवया उंचावल्या, मी गुड मॉर्निंग म्हणून परत फिरले. बरंच झालं. अशा गोष्टी लेखीच हव्यात.

आजींना मधूनमधून उठवून चालवते. त्या म्हणाल्या, चालवतेस कशाला, माझी उशी दे, तुझ्याकडेच आहे. माझ्याकडे कुठली उशी? फाइलमध्ये नोंद केली: 'स्मृती धूसर.' लिहिताना वाईट वाटलं, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

शुक्रवार, ६ जून, दुपारी
पत्राचा तिसरा मसुदा. पहिल्यात 'हलगर्जीपणा' होता, तो अन्याय वाटला. दुसऱ्यात 'त्रुटी'. आता 'सुधारणेस वाव'. नवरा डोकावून म्हणाला, पत्र लिहितेयस की राज्यघटना? लेक म्हणाली, आई, प्रत्येक वाक्यात 'कदाचित' कशाला? याला नेमकेपणा म्हणतात, असं तिला सांगितलं.

मोठ्या सिस्टर इथे बावीस वर्षं आहेत. त्यांनी टोकलं: रहिवाशांनी घरून आणलेल्या वस्तू धुऊन, खोलीचा नंबर लावून परत द्यायच्या असतात. आधीची सिस्टर सोडून गेली, तेव्हापासून सगळं स्टोअरमध्ये पडलंय. किल्ली तुला दिलीय ना? दिलीय, कमरेलाच आहे. पण नंबर चिकटवत बसायचं की मूळ प्रश्नाला हात घालायचा? त्या नुसत्या हसल्या. मुरलेली माणसं.

सोमवार, ९ जून
पत्र दिलं! दारातून दोनदा परत फिरले, ते पानं नीट लावायला. साहेबांनी चारपैकी एक पान वाचलं आणि म्हणाले, बघू. 'नाही' म्हणाले नाहीत, हे महत्त्वाचं.

चट्टा लिंबाएवढा झालाय. गडद. आजी कुशीवर वळतानाही कण्हतात. पुन्हा उशी मागितली, आवाज चढवून. मी 'हो हो' म्हणाले, तान्ह्या बाळाला म्हणतात तसं. मग स्वतःचीच लाज वाटली. असं का वागले, यावर सवडीने विचार करणार.

बुधवार, ११ जून
साहेबांनी बोलावलं. भाषण पाठ करून गेले होते. ते म्हणाले, नव्या खुर्च्यांचा विषय समितीपुढे ठेवतो, बैठक ऑगस्टमध्ये. मी धन्यवाद म्हणाले. दोनदा. भाषणाची गरजच पडली नाही. तत्त्वतः आपण जिंकलो.

खाली आले तर मोठ्या सिस्टर आजींचं ड्रेसिंग करत होत्या. कातडी फुटली. मी चट्टा पाहिल्याला आज आठ दिवस झाले. सिस्टरनी माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

शुक्रवार, १३ जून
साहेब स्वतः हॉलमध्ये आले. हातात माझं पत्र, चौथं पान उघडं; आजी सारखी उशी मागतात, असं तिथे ओघात लिहिलं होतं. म्हणजे वाचलं! सगळ्यांसमोर विचारलं, सिस्टर, खुर्च्या येतील तेव्हा येतील, पण या आजींनी घरून बसायची उशी आणली होती, आमच्या यादीत आहे. ती कुठाय?

मी काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, तिच्या कमरेला. अख्खा हॉल हसला.

स्टोअर उघडलं. दुसऱ्या फळीवर निळ्या पिशवीत होती. जाडजूड, माकडहाडावर भार येऊ नये म्हणून मागच्या बाजूला खाच ठेवून शिवलेली. आजींनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, ते हिच्यावर बसून. आधीच्या सिस्टरनी धुऊन, '४' असा कागदही टाचून ठेवला होता. फक्त नेऊन द्यायची राहिली होती.

आजी उशीवर टेकल्या, डोळे मिटले. मग म्हणाल्या, बाई, ते पत्र मला आधी दाखवायचंस, एका ओळीत उरकून दिलं असतं.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. आजींच्या फाइलमधली माझी नोंद वाचून विचारत होते, स्मृतीसाठी गोळी सुरू करायची का? मी म्हणाले, कदाचित नको.

उद्या: ती नोंद खोडायला कोणाची परवानगी लागते, ते विचारणे.