लेकीच्या नदीचं पाणी

अंबरनाथ,
दि. ९ मे १९५४

चि. श्यामकांतराव यांस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. माईचा गुडघा धरतो, पण ती ऐकत नाही. आळीतली विहीर तळाला गेली आहे. तुमची रात्रपाळी सुटली हे वाचून बरं वाटलं.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. वांगणीच्या वृंदाशी लग्न करू का, नाना नको म्हणाले तर विषय संपला, असं तुम्ही लिहिलंत. आमची पोर जाऊन दीड वर्ष झालं. तुमचं वय अजून लहान. उत्तर अवघड नव्हतं. तरी मी लिहायला बसायचो आणि पाणीवाटप समितीचे कागद पुढे ओढायचो.

तिन्ही खोऱ्यांच्या पाण्याबद्दलची माझी ओरड तुम्हांला पाठ आहे. वालधुनी शिमग्यालाच आटते. बारवी त्यामानाने टिकते. उल्हास भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर वाहत राहते. प्रत्येक गाव आपापली नदी कवटाळून बसलं तर एकाचं वाहून जातं आणि दुसऱ्याचा घसा कोरडा राहतो. म्हणून सगळ्यांनी एकत्र बसून वाटणी ठरवायची. गेल्या रविवारी ती बैठक झाली.

बारवीकाठचा पाडा वालधुनीकाठच्या पाड्याला पाणी द्यायला कबूल झाला होता. इंजिनिअरांनी नकाशावर नळाची रेघ ओढून ठेवली होती. आणि ज्यांना पाणी हवं, तेच नको म्हणाले. वालधुनीकडची कौसाबाई उठली. तिच्या आणि तिच्या भावकीच्या लेकी बारवीच्या पाड्यात दिलेल्या.

"लेकीच्या घरचा पानी आमी कसा पियाचा?"

तिचा जावई देऊ समोरच बसला होता. म्हणाला, "मामी, नदी काय मी बांदून आनली का?"

"तुज्या दारातनं येतो ना? मंग तुजाच."

लोक हसले. इंजिनिअर माझ्याकडे बघू लागले. असल्या रूढीवर मी तासभर बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक. मी उठलो. मुद्दे तयार होते. पण समोर बदलापूरची तुमची ओटी दिसायला लागली. आम्ही यायचो तेव्हा माई फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी आणायची. नातवंड होईपर्यंत लेकीकडे पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम. आणि पोर मला म्हणायची, "नाना, ते टाळ्यांचं भाषण एकदा आमच्या ओटीवर करा की. माझा चहा तरी खपेल."

नातवंड यायच्या वेळी दोघंही गेली.

मी खाली बसलो. रडू आलं नाही. हात मांडीवर होते, ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे दिसत होते.

तोडगा काढला तो उल्हासनगरच्या कॅम्पातल्या लीलारामने. निर्वासित माणूस, कापडाचं दुकान चालवतो. म्हणाला, "अम्मा, सगळा पाणी पहले हमारी टाकी में डालो. बारवी का, उल्हास का, सब मिक्स. फिर हमारे नल से पियो. आमची एक पण मुलगी तिकडे दिली नाय."

कौसाबाईने विचार केला. "तुजा पानी पियाला मना काय लाज?"

इंजिनिअर नळाची लांबी वाढते म्हणून कुरकुरले, मग पेन्सिल घेऊन बसले. टाकी मधे आली तर ज्या महिन्यात जी नदी कमी पडेल तिची तूट दुसरी भरून काढील. आम्ही कागदावर मांडत होतो ते तिथे आपोआप झालं. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. माझं अभिनंदन झालं. कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही.

घरी येऊन माईला सगळं सांगितलं आणि मग तुमचं पत्र वाचून दाखवलं. इतके दिवस दाखवलं नव्हतं. ती तांदूळ निवडत होती.

"वृंदाला आई नाही ना?"

"नाही."

"मग पहिला दिवाळसण कोण करणार तिचा?"

मी पत्राची घडी घातली.

"आपण करू. पहिलीचं माहेर तेच दुसरीचं. रीतच आहे तशी." त्यानंतर ती निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली.

तेव्हा लग्न करा. माझी पूर्ण संमती आहे. वृंदाने या घरी पाहुणी म्हणून येऊ नये. तुमच्या भिंतीवरचा पोरीचा फोटो तिला जड वाटला तर इकडे आणून द्या, आम्ही रागावणार नाही. लग्नाला आम्ही दोघं येऊ. फक्त तिथे मला दोन शब्द बोलायला सांगू नका.

उमाचे, आणि वृंदाने मानलं तर तिचेही,
नाना