ट्रेलोरबाईंची किटली

१२ जानेवारी
आजपासून गावच्या संग्रहालयात स्वयंसेवक. मेंबरशिपही घेतली, पेन्शनरांच्या सवलतीतली. दाराशी देणगीदारांचा फलक आहे, सोनेरी अक्षरांचा. देणगी देऊन त्यावर चढणं आपल्याला झेपणारं नाही. पण खाली 'विशेष सेवा' अशी ओळ आहे आणि तिथे जागा रिकामी आहे. नोएलीनला म्हटलं, मार्चपर्यंत तिथे 'नेव्हिल प्रिडम' वाचशील. ती म्हणाली, आधी छपराच्या पन्हाळीतली वाळकी पानं काढ, वणव्याचे दिवस आहेत, ठिणगी पडली तर घर जाईल. बायकोला दूरदृष्टी नाही.

१५ जानेवारी, सकाळी ११
तिकिटाच्या टेबलावर. तीन माणसं आली. दोघांना टॉयलेट हवं होतं. तिसऱ्याला मेंबरशिपचे फायदे चाळीस मिनिटं समजावले. पटलं त्याला. नंतर ग्लेनिस (स्वयंसेवकांची मुख्य) म्हणाली, अरे, तो प्लंबर होता, सिंक बघायला आला होता.

२९ जानेवारी
बढती! वस्तूंची धूळ झटकायची. अटी: पांढरे हातमोजे, मऊ ब्रश, बाकी काही नाही. एकतीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलेल्या माणसाच्या हाती ब्रश! हसून सोडून दिलं.
गावातल्या जुन्या वणव्याच्या वस्तू ठेवलेल्या खोलीत एक किटली आहे. काळीकुट्ट. पाहुण्यांसमोर असं भांडं ठेवतात? शेजारचं कार्ड वाचणार होतो, पण चष्मा घरी राहिला.

१७ फेब्रुवारी
परवा वणव्याचा स्मृतिदिन. ग्लेनिस त्या दिवशीच्या चहासाठी स्कोनच्या, म्हणजे गोड पावांच्या, पिठात गुंतली होती. मी किटली घेतली. व्हिनेगर, मीठ, तारेचा काथ्या. तीन तास. हातमोजे घातले होते (रबरी). आतून अस्सल तांबं निघालं! त्यात माझा चेहरा दिसला. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. आता फलक पक्का.

१९ फेब्रुवारी
टाय लावून किटलीशेजारी उभा राहिलो, फोटोसाठी. ट्रेलोरबाई आल्या. वय ब्याण्णव. किटली त्यांच्या घरची. वणव्यात बाकी सगळं गेलं. दरवर्षी येतात, दोन मिनिटं बघतात. आज बराच वेळ बघत राहिल्या. मग मलाच विचारलं, छान आहे हो ही. आमची कुठे ठेवलीत?
ग्लेनिसने कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं: 'राखेतून काढली तशीच, काजळीसकट.'
कार्डावरची अक्षरं फार बारीक आहेत. लेखी तक्रार करणार.

२० फेब्रुवारी
तक्रार केली नाही.
ट्रेलोरबाईंकडे गेलो. भाषण तयार होतं: धातूचं आयुष्य वगैरे. त्या म्हणाल्या, आईने ती राखेतून उचलली तेव्हा तिची बोटं उमटली होती काजळीत. मी दरवर्षी तीच बघायला येते. आईचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे.
भाषण विसरलो. फार वाईट वाटलं. घरी येऊन पन्हाळीतली पानं काढली.

२ मार्च
संग्रहालयात नाव लागलं. चहाच्या खोलीत, सिंकच्या वर, मार्करने: 'भांडी: नेव्हिल प्रिडम. फक्त कपबशा.' नोएलीनने येऊन वाचलं. मार्च म्हणाला होतास ना, म्हणाली.
आज ट्रेलोरबाई चहाला थांबल्या होत्या. त्यांचा कप उचलला, पण नळ उघडवेना. विचारलं, घासू का?
हो, म्हणाल्या, हा घास.